टाकायचा चतकोर

१

पशुखाद्याच्या त्या कारखान्यात दोघी बहिणी एकाच टेबलाशी कामाला होत्या, तेव्हापासून त्यांची खरी नावं हजेरीपटाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. एक थोरली, एक धाकटी. थोरली जाऊन दोन वर्षं झाली, धाकटीच्या केसांत चार रुपेरी तारा आल्या, तिच्याहून थोरलं असं घरात कुणीच उरलं नाही, तरी ती धाकटीच राहिली. माणसांच्या जिभेला एकदा वळण पडलं की पडलं.

काम मक्याच्या तपासणीचं. ट्रकमधून आलेला मका कारखान्यामागच्या चार उंच लोखंडी कोठ्यांत साठवायचे, आणि दळायला जाण्याआधी रोज सकाळी प्रत्येक कोठीचा नमुना बघायचा. मक्याला ओल लागली की बुरशी धरते आणि काही बुरशा विष सोडतात. ते विष डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही, शिजवून जात नाही की दळून जात नाही. गायीनं खाल्लं की दुधात उतरतं, आणि ते दूध पिणाऱ्याच्या लिव्हरला जाऊन भिडतं. म्हणून कारखान्यात धाकटीच्या सहीशिवाय मक्याचा दाणा हलत नसे.

नमुन्याची रीत अशी. कोठीतून नऊ ठिकाणच्या नऊ ओंजळी काढायच्या, एकत्र करायच्या, जाडसर भरडायच्या. टेबलावर ढीग घालून तो तळहातानं चपटा करायचा आणि फूटपट्टीनं उभा-आडवा कापून चार चतकोर पाडायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बादलीत टाकायचे. ठेवलेल्यांचा पुन्हा ढीग, पुन्हा चार चतकोर, असं करत वाटीभर भरड उरली की ती अंधारखोलीत नेऊन जांभळ्या दिव्याखाली पसरायची. विषाचा संशय असलेले कण हिरवट पिवळे चमकतात. चार-पाच चमकले तर पुढची रासायनिक चाचणी. नाही चमकले तर सही, शिक्का, पास.

कोणते दोन टाकायचे याला नियम एकच, की ते ठरलेले नसावेत. आज हे, उद्या ते. पण थोरली डावखुरी, बादली तिच्या डाव्या पायाशी. त्यामुळे तिचं ठरलेलं, डावीकडचा जवळचा आणि त्याच्यासमोरचा लांबचा टाकायचा. धाकटी तिच्या हाताखालीच शिकली. ती स्वतः उजवी, तरी बादली डावीकडेच ठेवायची. हे बरोबर नाही हे तिला कळत होतं. पण ताईचं म्हणून तिच्या अंगात जे काही उरलं होतं, ते एवढंच होतं.

गेले काही दिवस चार नंबरच्या कोठीचा मका फारच चांगला येत होता. एक कण चमकेल तर शपथ. एरवी उत्तम मक्यातही एखाददुसरा चमकतोच. कोठ्या सांभाळणाऱ्या मामांना तिनं हे सांगितलं तेव्हा ते हसले.

"तक्रार कसली करतेस? नवरा फार गुणी निघाला म्हणून कुणी रडत बसतं का?"

"फारच गुणी असला तर जरा चौकशी करावी लागते, मामा," धाकटी म्हणाली आणि पाससाठी शिक्का उचलला.

२

त्या दिवशी फरशी पुसणाऱ्या बाईनं टाकाऊ भरडीची बादली टेबलापासून उचलली आणि सोयीसाठी अंधारखोलीत ठेवली. बाईची काही चूक नव्हती. ती बिचारी फरशी पुसत होती.

अंधारखोली म्हणजे खोली कसली, जुनं कपाटघर. खिडकी नाही, भिंतींना काळा रंग, मध्ये कमरेएवढं टेबल, टेबलावर ट्रे, ट्रेवर दिवा. दार लावलं की पलीकडच्या चक्क्यांची धडधड भिंतीतून येते आणि दिव्याचं बारीक गुणगुणणं सुरू होतं. धाकटीनं चार नंबरची वाटी पसरली, दिवा लावला. ट्रे पूर्ण काळा. पास.

दिवा बंद करायला हात वर केला तेव्हा कोपऱ्यात काहीतरी असल्याचं तिला जाणवलं. बादली. दिव्याचा उजेड तिथवर जेमतेम पोचत होता, तरी बादलीच्या तोंडाशी हिरवट पिवळं उजळलं होतं. एकदोन कण नव्हेत. सगळी बादली.

आधी तिला वाटलं, दुसऱ्या कुठल्या कोठीचं असेल. पण बादली तिनंच सकाळी रिकामी केली होती आणि त्यानंतर फक्त चार नंबरचा नमुना झाला होता. ठेवलेलं आणि टाकलेलं एकाच ढिगाचं होतं. तिच्याच हातांनी मिसळलेलं, एकाच फूटपट्टीनं कापलेलं. मिठाच्या पाण्याचे दोन पेले भरावेत आणि एकच खारट लागावा, असं होत नाही.

तिनं बादली तशीच कोपऱ्यात राहू दिली. मग दिवा बंद करून बाहेर आली, आणि सहीचा कागद तसाच पुढे गेला. तो परत मागवायचं तिला सुचलं नाही, असं तिनं नंतर स्वतःला सांगितलं.

३

दुसऱ्या दिवशी तिनं ढीग एकदा नाही, सात वेळा मिसळला. चार चतकोर पाडून चार वेगवेगळ्या वाट्यांत भरले आणि चारही वाट्या आत नेल्या. तीन काळ्या. डावीकडचा जवळचा चतकोर उजळलेला.

मग तिनं टेबलाची बाजू बदलली. लांबच्या बाजूला उभं राहून कापलं. उजेड तिच्या डावीकडे आला.

मग तिनं कापून झाल्यावर, मनातल्या मनात ठरवलं की आज उजवीकडचा टाकू. ओठसुद्धा हलवले नाहीत. दिवा लावला. उजवीकडचा चमकत होता.

धाकटी शिकलेली बाई होती. हिशोबी डोक्याची. तिनं शहाण्या माणसानं करावा तसा विचार केला. आपला हातच फसवत असेल. बुरशीचे कण हलके असतात, फुटके असतात, हाताच्या ओघानं एकीकडे सरकत असतील. आपल्याला नकळत आपणच ते सरकवत असू. हे तपासायचा मार्ग सोपा होता. तिनं मामांना बोलावलं.

"मामा, जरा एवढे चार भाग करून द्या. माझा खांदा दुखतोय."

"आता हेही मीच करायचं? उद्या म्हणशील सहीसुद्धा करा," मामा म्हणाले, पण त्यांनी भरड मिसळली आणि नीट चार चतकोर पाडले. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, कळून घ्यायचंही नव्हतं. ते चहाला निघून गेले.

मामांचे चारही चतकोर सारखेच चमकत होते. प्रत्येकात तेवढाच उजेड, सगळीकडे पसरलेला, जसा असायला हवा तसा. आणि मका नापास करायला पुरेपूर होता.

म्हणजे हात तिचाच होता. निदान तिच्या हाताशिवाय हे होत नव्हतं. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण अंधारात उभ्या असलेल्या तिला एवढंच आठवत होतं की ढीग चपटा करताना तिच्या तळहाताखाली काहीतरी सरकतं, आणि ते सरकणं तिला ओळखीचं आहे. ताई शिकवायची तेव्हा आपला हात धाकटीच्या हाताखाली घालायची. "दाबू नकोस गं, नुसता फिरव," म्हणायची.

४

थोरली चार नंबरच्या कोठीत गेली.

खालून मका काढत गेलं की कधीकधी वर बुरशीनं चिकटलेला थर तसाच राहतो आणि त्याच्या खाली पोकळी होते. वरून बघणाऱ्याला सपाट जमीन दिसते. थोरलीला वरवरचा नमुना पसंत नव्हता. "वरचा मका बघून खालच्याची सही करायची नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. दोन मिनिटांचं काम म्हणून दोर न बांधता ती आतल्या शिडीवरून उतरली आणि थरावर पाय टाकला. वर काढायला चार तास लागले. धाकटी त्यातला पहिला अर्धा तास कोठीच्या पत्र्याला कान लावून उभी होती. सुरुवातीला आतून ठोकल्याचा आवाज येत होता. पुढे तो बंद झाला, आणि कान काढायचा की नाही हे ठरवणं तिच्या नशिबी आलं.

कोठी तेव्हा रिकामी केली होती. पण भिंतींना धरलेला थर पुरता खरवडला गेला नाही. काम अडून राहू नये म्हणून वरून नवा मका भरला. हे मामांना माहीत होतं, धाकटीलाही माहीत होतं.

थोरलीची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. तिचा बाप ती जन्मायच्या आधीच वाट बदलून गेला होता. मावशीनं तिला उचलून आपल्या घरी आणलं आणि घरात तिचं नाव पडलं चिमणी. चिमणीला आई आठवत नाही. धाकटीला मात्र ताई उठता-बसता आठवते. चपलांचा जोड बघितला की आठवते, चहात साखर जास्त पडली की आठवते. आठवण बोथट होते म्हणतात, पण तिची काही झाली नव्हती.

म्हणून ती नापास म्हणाली नाही. नापास म्हटलं की कोठी रिकामी होणार, थर खरवडला जाणार, सगळं धुऊन निघणार. रोज जेवणाच्या सुट्टीत ती अंधारखोलीत जायची, टाकायचा चतकोर ट्रेवर पसरायची आणि दिवा लावून त्याच्यासमोर स्टुलावर बसायची. डबा तिथेच खायची. खोलीत ओलसर, गोडूस वास येई, ताईच्या कामाच्या कोटाला यायचा तो. कधीकधी तिनं हात मांडीवर ठेवलेला असताना ट्रेमधून खसखस ऐकू येई, भरडीवरून तळहात फिरवल्यासारखी. दिव्याच्या उष्णतेनं कण तडकत असतील, असं ती मनाला समजावी, आणि आवाज थांबू नये म्हणून श्वास रोखून बसे.

"चिमणी आता मोठी झाली," ती सांगायची. "तुझ्यासारखीच हट्टी आहे. बूट उलटसुलट घालते, पण स्वतःच घालते."

चिमणीचं नाव निघालं की खसखस थांबायची. ऐकत्येय, असं धाकटीला वाटायचं. असे बारा दिवस गेले. बारा सह्या झाल्या. तिला गुन्हा कळत होता. पण ताईला दोनदा गमावायची ताकद तिच्यात नव्हती, आणि मनाला ती रोज उद्याचा वायदा देत राहिली.

५

तेराव्या दिवशी सकाळी चिमणीला उठवायला गेलेल्या धाकटीनं पडदा सरकवला आणि तिला पोरीचे डोळे दिसले. पांढऱ्यात पिवळं उतरलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, रक्त काढून घेतलं. "लिव्हरला सूज आहे. खाते काय ही?"

"काही खात नाही हल्ली. नुसतं दूध. चार-चार पेले."

"कधीपासून?"

धाकटीनं बोटं मोजली आणि मध्येच थांबली. दोन आठवड्यांपूर्वी चिमणीनं जेवणाचं ताट सरकवलं होतं. तेव्हापासून दूध आलं की दाराशी धावायची, पेला दोन्ही हातांनी धरून एका दमात रिकामा करायची आणि मग भिंतीला टेकून गप्प बसायची. हसरी, शहाणी, कुणाचंतरी बोलणं ऐकावं तशी. धाकटीला वाटलं होतं, पोरगी समजूतदार होत चालली.

घरी परतताना दूधवाला दारातच भेटला. तोही कुरकुरत होता.

"मॅडम, तुमच्या कारखान्याचं खाद्य जरा बघा हो. माझ्या तीन गायी आटल्या. अंगाला हात लावू देत नाहीत. आणि गंमत सांगू, खायला मात्र पहिल्यासारख्या तुटून पडतात."

त्या दिवसाचं दूध तिनं बाटलीत घालून कारखान्यात नेलं. तपासायला पाच मिनिटं लागतात. चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर दूध चांगलं, एकच उमटली तर विष. एकच उमटली. तिनं दुसरी पट्टी घेतली, मग तिसरी. पट्ट्या संपेपर्यंत ती ते करत राहिली.

मग ती स्टुलावर बसली आणि इतके दिवस जे समोर होतं ते तिला दिसलं. ताई तिला भेटायला येत नव्हती. ताई तिच्या हाताखालून पलीकडे जात होती. कोठीतून मका, मक्यातून गाय, गायीतून दूध, आणि दुधाच्या शेवटी दोन्ही हातांनी पेला धरणारी चिमणी. या वाटेवर तपासनाका एकच होता. तिथं बसलेल्या बाईची सवय ताईला पाठ होती, कारण ती तिनंच लावली होती.

धाकटीला आधी रडू आलं ते भीतीनं नाही. मत्सरानं आलं. माझ्यासाठी आली नव्हतीस तर, एवढंच तिच्या मनात आलं, आणि मग आपलीच लाज वाटली.

६

भर दुपारी ती चार नंबरचा नमुना घेऊन अंधारखोलीत गेली. भरड मिसळली नाही, कापली नाही, काही टाकलं नाही. सगळाच्या सगळा ढीग ट्रेवर ओतला आणि दार लावून घेतलं. पलीकडे चक्क्या धडधडत होत्या.

"ताई," ती म्हणाली, "पोर आजारी पडलीय."

दिवा लावला.

ट्रे काळा होता. काठापासून काठापर्यंत काळा. एवढ्या ढिगात एक कण चमकत नव्हता, आणि क्षणभर धाकटीचा जीव भांड्यात पडला. सगळं आपल्या मनाचे खेळ होते तर. मग तिला कळलं की ढिगाचा मधला भाग वर येतोय. अगदी सावकाश, झोपलेल्याची छाती यावी तसा. आज टाकायचा चतकोर नव्हता. सरकायला जागा नव्हती.

"तिला कळत नाही गं हे," धाकटी म्हणाली. "तुला वाटतं तू तिला जवळ घेतेस. तिचं पोट फुगलंय. डोळे पिवळे झालेत."

ढीग थांबला. मधे एक खळगा पडला, तोंडाएवढा, आणि त्याच्या कडा हिरवट उजळल्या. कण आत घरंगळत राहिले, एकामागून एक, आणि खळगा काही भरेना. तळ दिसायला हवा होता. ट्रे जेमतेम चार बोटं खोल होता. त्या खळग्यातून श्वास आत ओढल्याचा आवाज आला. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा, पुरता भरून. धाकटीनं पुढच्या शब्दाची वाट बघितली. दोन वर्षं ती त्या आवाजाचीच वाट बघत होती. तो शब्द ऐकला तर आपल्याला सही करावी लागेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं दिवा बंद केला.

अंधारात चाचपडत ती दारापाशी गेली. मग दार उघडलं, टेबलाशी गेली आणि बाराही दिवसांच्या कागदांवर, आणि आजच्या, नापास लिहिलं. स्वतःच्या सहीखाली स्वतःची चूकही लिहिली. मामा दारात आले तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "चार नंबर रिकामी करा. भिंती पत्रा दिसेपर्यंत खरवडा. गेलेलं खाद्य सगळीकडून परत मागवा."

मामांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि या खेपेला थट्टा केली नाही. "तेव्हाच करायला हवं होतं ते, पोरी," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

७

कोठी खरवडायला तीन दिवस लागले. निघालेलं सगळं दूरच्या भट्टीत जाळलं. धाकटी तिकडे गेली नाही. तिला कामावरून काही काळ घरी बसवलं होतं, आणि ते योग्यच होतं.

चिमणी सुधारली. डोळ्यांतलं पिवळं हटलं, पोट उतरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात, लहान मुलांचं लिव्हर चिवट असतं, महिन्याभरात खूणही राहणार नाही. डब्यातल्या पावडरीचं दूध तिला चालत नव्हतं. एक घोट घ्यायची, थांबायची, आणि पेला खाली ठेवायची. पण जेवायला लागली होती. धाकटी तिचं ताट रिकामं झालेलं बघायची आणि आपण योग्य केलं, असं मोठ्यानं म्हणायची, कुणी ऐकत नसताना.

एका संध्याकाळी दोघी पायरीवर बसल्या होत्या. रस्त्यावर माणसं कामावरून घरी परतत होती. चिमणी गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसली होती, आणि तिनं सहज विचारावं तसं विचारलं.

"मावशी, ती आता येणार नाही का?"

"कोण गं?"

"पोटात बोलायची ती."

धाकटीनं तिच्याकडे बघितलं नाही. समोरच्या रस्त्याकडे बघत, आवाज शक्य तितका साधा ठेवून तिनं विचारलं, "काय बोलायची?"

"खूप काय काय. झोपायच्या आधी गोष्ट सांगायची. तुझ्या लहानपणीची पण सांगायची. तू सारखी तिच्या मागे मागे जायचीस ती." चिमणी जराशी हसली आणि मग तिचा चेहरा पडला. "ती म्हणाली होती, मावशीला सांगू नको. मावशीला कळलं तर ती मला हाकलून देईल. मी नाही सांगितलं. मग तू तिला कसं हाकललंस?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला फक्त कळून घ्यायचं होतं. धाकटीनं तिला जवळ ओढलं, केसांवरून हात फिरवला.

"मलाही तिची फार आठवण येते," ती म्हणाली.

"मग बोलाव ना परत," चिमणी म्हणाली. "तुला येतं ना?"

येत होतं. ओंजळभर मका, थोडं पाणी, झाकण लावलेला डबा आणि आठ दिवसांची ऊब, की बुरशी धरते. धाकटी नाही म्हणणार होती. चिमणी तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि धाकटी अजून तसं म्हणाली नव्हती.